त्सेक्का म्हणजे गोचीड की टांकसाळ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ वर्षभर इटालियन शिकतायत, त्यांना एका वाक्यात "नुओवो दी त्सेक्का" स्कूटर भेटली, मोबाईलवरच्या भाषांतराने 'गोचिडीची नवी स्कूटर' असलं काहीतरी काढून दिलं, मग कोशात बघितलं तर त्सेक्का या एकाच शब्दाचे दोन अर्थ, टांकसाळ आणि गोचीड, आणि क्लासमधल्या कुणीतरी सांगितलं की जुन्या काळी टांकसाळवाले राजासाठी लोकांचं रक्त शोषायचे म्हणून टांकसाळीला गोचीड म्हणायला लागले. हे खरं का, आणि असा शब्द मुळापर्यंत शोधायचा तरी कसा?

खरं नाही. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. आणि असल्या गोष्टी इतक्या झकास असतात तेव्हाच मला पहिला संशय येतो, बावीस वर्षं इटालियन-मराठी-इंग्रजी भाषांतरं करून एवढं तरी कळलंय.

आधी माझीच फजिती सांगतो म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. इटलीत पेरुजाला शिकत होतो तेव्हा एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, त्यांचा एक म्हातारा शिकारी कुत्रा होता, तो जंगलातून हिंडून आला की दारातच आडवा पडायचा. एक दिवस बाई मला हाक मारून म्हणाल्या की बघ रे, याच्या कानामागे त्सेक्का आहे. आता मी नाण्यांबद्दल वाचून वाचून इटालियन शिकलेला माणूस, मला त्सेक्का म्हणजे टांकसाळ एवढंच माहीत, त्यामुळे माझ्या डोक्यात काय आलं तर जादूगार पोरांच्या कानामागून नाणं काढतात ना, तसं काहीतरी म्हणत असतील, आणि मी चक्क हसलो. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका, मग चिमटा आणायला आत गेल्या. कानामागची केसं बाजूला केली तर वाटाण्याएवढी फुगलेली, करड्या रंगाची, चकचकीत, हुबेहूब एरंडाची बी. चिमट्याने मुळाशी धरून सरळ वर ओढली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. ही एरंडाची बी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर मूळ मुद्दा. एका रूपाचे दोन अर्थ दिसले की पहिला प्रश्न हा की हा एकच शब्द आहे आणि त्याला फांद्या फुटल्यात, की दोन वेगवेगळे शब्द चालत चालत एका जागी येऊन उभे राहिलेत. मराठीतच बघा. कलम म्हणजे बोरू, कलम म्हणजे कायद्याचं कलम, कलम म्हणजे आंब्याचं कलम, हा एकच शब्द, अरबी कलम, मुळात लव्हाळ्याची काडी, ती छाटून लिहायची म्हणून लेखणी, लिहिलेला भाग म्हणून कायद्यातलं कलम, आणि छाटलेली काडी म्हणून झाडाचं कलम. उलट पीठ बघा. भाकरीचं पीठ आणि विद्यापीठातलं पीठ. भाकरीचं पीठ संस्कृत पिष्ट वरून आलं, दळलेलं, आणि विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, ते संस्कृतातूनच जसंच्या तसं. आता कुणी म्हणालं की विद्यापीठात विद्या दळतात म्हणून पीठ, तर आपण हसू (पटेलही थोडं, पण ते सोडा). क्लासमधली ती रक्त शोषायची गोष्ट अगदी याच जातीची आहे.

त्सेक्का हे पीठाचं प्रकरण आहे, कलमाचं नाही.

उच्चारापासून सुरू करू, कारण सगळी गंमत त्या पहिल्या अक्षरात आहे. मराठी माणसाला इथे फायदा आहे जो हिंदीवाल्याला नाही, आपल्या चोर, चूल, चाकू मधला जो च आहे, जीभ दातांमागे टेकवून काढलेला, तोच हा इटालियन ध्वनी. फक्त आपल्याकडे पुढे ए किंवा इ आली की च लगेच चिमणीतल्या चसारखा होतो म्हणून मी 'चेक्का' न लिहिता त्सेक्का लिहितोय. शेवटचा क्का पक्का मधल्यासारखा दाबून. हल्ली टीव्हीवर आणि उत्तरेकडे द्झेक्का असंही सर्रास ऐकू येतं, त्याने बिचकू नका. दोन्ही अर्थांना उच्चार एकच, लिंग एकच, स्त्रीलिंग, अनेकवचनही एकच, त्सेक्के. म्हणजे आजच्या रूपाकडे कितीही वेळ टक लावून बसलात तरी काही हाती लागणार नाही. पेस्का हा शब्द निदान ए उघडा की मिटका यावरून पीच हे फळ आणि मासेमारी वेगळं करून दाखवतो, इथे तेवढीही सोय नाही. मागेच जावं लागतं.

मागे गेलं की वाट लगेच फुटते, एक वाट जाते दक्षिणेकडे समुद्र ओलांडून अरबांकडे आणि दुसरी उत्तरेकडे आल्प्स ओलांडून जर्मनांकडे.

आधी टांकसाळ. ही अरबी सिक्का वरून आली. हो, तोच सिक्का, आपला शिक्का. अरबीत सिक्का म्हणजे मुळात नाणं नव्हे, तर नाण्यावर छाप मारायचा लोखंडी साचा, ठसा. त्याच्याही मागे गेलात तर आरमाइकमध्ये खिळा, खुंटी, नांगराचा फाळ अशा अर्थाचा शब्द आहे आणि अगदी तळाशी अक्कडी या प्राचीन इराकमधल्या भाषेतलं सिक्कतु, म्हणजे खुंटी. अरबीत सिक्काला नांगराचा फाळ हाही अर्थ आहे आणि रस्ता हाही, रेल्वेला ते सिक्कत अल-हदीद म्हणतात, लोखंडाचा रस्ता.

आता या शब्दाचे अर्थ कसे सरकत गेले हे सांगायला आपल्याला अंदाज बांधायची गरजच नाही, कारण इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने 1377 साली मुकद्दिमा हा ग्रंथ लिहिताना ते स्वच्छ लिहून ठेवलंय. तो म्हणतो की सिक्का म्हणजे आधी ते लोखंडी हत्यार, मग त्या हत्याराने नाण्यावर उठलेली खूण, आणि मग ते सगळं काम बघणारं सरकारी खातं. सातशे वर्षांपूर्वी ट्युनिसमध्ये जन्मलेला माणूस तुम्हाला अर्थविस्ताराचा धडा देतोय, हत्यार, छाप, खातं. मला ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून एक फेरी मारून यावीशी वाटली होती, कारण एरवी असल्या पायऱ्या आम्ही मागून रचतो आणि बऱ्याचदा चुकतो.

आणि आता गंमत बघा, ह्या साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांवर वेगवेगळ्या भाषा थांबल्यात. मराठीने फारसीमार्फत शब्द घेतला आणि छाप या अर्थावर थांबली, शिक्का मारणे, शिक्कामोर्तब करणे, पोस्टाचा शिक्का. हिंदी एक पाऊल पुढे जाऊन छाप ज्यावर मारली त्या नाण्यालाच सिक्का म्हणायला लागली (आपणही हल्ली हिंदीच्या संगतीने म्हणतो, पण ते वेगळं). इटालियनने खात्याच्याही पुढची कडी धरली, ते खातं जिथे बसतं ती इमारत. अरबीत टांकसाळीचं पूर्ण नाव दार अस-सिक्का, ठशाचं घर. आपली टंकशाला अगदी त्याच घडणीची, टंक म्हणजे नाणं आणि शाला. इटालियनमध्ये येताना त्यातलं दार म्हणजे घर गळून पडलं आणि नुसता सिक्का उरला. स्पॅनिशमध्येही तेच झालं, तिथे तो सेका झाला.

इथे कुणी शंका काढेल की दार गळलं हे कशावरून, सोयीचं म्हणून सांगताय. तर शेजारचा शब्द बघायचा. दार अस-सिनाआ म्हणजे कारागिरीचं घर, कारखाना, हाही शब्द इटालियन बंदरांमध्ये शिरला आणि त्याची दोन पिल्लं झाली, दार्सेना म्हणजे बंदरातला आतला धक्का, त्यात द शिल्लक आहे, आणि आर्सेनाले म्हणजे जहाजं बांधायचा कारखाना, त्यात सुरुवातीचा द उडालाय. व्हेनिसचं आर्सेनाले जगप्रसिद्ध. म्हणजे दार कधी चिकटून येतं, कधी अर्धं तुटतं, कधी पूर्ण गळतं, या तिन्ही गोष्टी झालेल्या आहेत.

आणि ध्वनी? अरबी स चा इटालियन त्स कसा झाला? इथेही शेजारी साक्षीला उभा आहे, आणि तो तुमच्या चहात आहे. अरबी सुक्कर, इटालियन त्सूक्केरो, साखर. सुक्कर फारसी शकर वरून, ते आपल्याकडच्या शर्करेवरून, हे तुम्हाला माहीत असेलच. सुक्करचं त्सूक्केरो होतं तर सिक्काचं त्सेक्का होणारच, सुरुवातीचा स दोन्हीकडे त्स झाला आणि दाबलेला क्क दोन्हीकडे जसाच्या तसा राहिला. उरला इ चा ए. लॅटिनमधली ऱ्हस्व इ इटालियनमध्ये ए होते हे पहिल्या वर्षी शिकवतात, केस या अर्थाचं पिलुस त्याचं पेलो, आणि बाहेरून आलेले शब्दही त्याच गिरणीतून निघाले. दक्षिण इटलीतल्या लॅटिन दस्तऐवजांत तर टांकसाळीला सिक्ला असं लिहिलेलं सापडतं, इ अजून शाबूत आहे.

(जाता जाता: मराठीनेही हेच केलंय, फक्त आपल्या पद्धतीने. आपल्याकडे इ च्या आधी स आला की त्याचा श होतो, सिपाहीचा शिपाई, सिफारिशची शिफारस, सिलाहदारचा शिलेदार, आणि सिक्काचा शिक्का. म्हणजे एकच अरबी स, आपण त्याचा श केला आणि इटालियन लोकांनी त्स. कोणीही 'चुकीचं' बोलत नाहीये, जो तो आपल्या घरच्या नियमाने बोलतोय.)

आता इतिहास जुळतो का तेही बघायचं, कारण ध्वनी जुळले आणि माणसं कधी भेटलीच नाहीत तर उपयोग काय. इथे भेटीच भेटी आहेत. अरबांनी 831 मध्ये पालेर्मो घेतलं, 1072 मध्ये ते उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी त्यांच्याकडून घेतलं, आणि मधल्या काळात सिसिलीत पाव दिनारची छोटी सोन्याची नाणी पडत होती, जेमतेम एक ग्रॅमची. नॉर्मन राजे आले तरी त्यांनी ती नाणी बंद केली नाहीत, उलट अरबी अक्षरांसकट चालू ठेवली, आमाल्फी आणि सालेर्नोनेही तशीच पाडली. या नाण्याला तारी म्हणत, आणि त्याचं मूळ म्हणून अरबी तरी सांगतात, म्हणजे ताजं. ताजं नाणं, नुकतंच साच्यातून निघालेलं. तुमच्या वाक्यातली ती स्कूटर आठवते ना? नुओवो दी त्सेक्का, टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडलेलं.

शिवाय पैसाअडका, बंदर, जकात या सगळ्या व्यवहारातले इटालियन शब्द अरबी आहेत हेही लक्षात घ्या. दोगाना म्हणजे जकात नाका, तो दिवान वरून, आपला दिवाण. मागाद्झीनो म्हणजे गोदाम, तो ज्या धातूवरून आला त्याच धातूवरून आपला खजिना. या शब्दांच्या टोळीत त्सेक्का शोभून दिसतो. आणि नाण्याला मात्र इटालियनने जुना लॅटिन शब्द ठेवला, मोनेता, रोमच्या टेकडीवर यूनो मोनेता देवीच्या देवळाशेजारी टांकसाळ होती त्यावरून. फ्रेंचांनी टांकसाळीलाही त्याच शब्दातून मोने म्हटलं, इंग्रजांचं मिंटही तिथूनच, आणि पोर्तुगीजांनी गोव्यात टांकसाळ काढली तिला ते कासा दा मोएदा म्हणायचे, नाण्याचं घर. इटालियनांनी नाणं देवीकडून घेतलं आणि टांकसाळ अरबांकडून.

आता गोचीड. इथे समुद्र सोडा आणि आल्प्सकडे तोंड करा.

568 साली लँगोबार्ड नावाचे जर्मन लोक आल्बोइन राजाच्या मागे इटलीत उतरले आणि 774 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेनने त्यांचं राज्य संपवेपर्यंत दोनशे वर्षं तिथे राहिले. लोम्बार्दी हे नाव त्यांचंच. त्यांच्या भाषेत लिहिलेलं एकही पुस्तक, एकही पत्र आपल्याकडे नाही. 643 मध्ये रोथारी राजाने त्यांचे कायदे लिहून काढले तेही लॅटिनमध्ये, मध्येमध्ये त्यांचे शब्द पेरलेले. त्यामुळे या भाषेतले बरेच शब्द आम्हाला उलटे चालत जाऊन बांधावे लागतात, आणि असा बांधलेला शब्द असला की कोशात त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढतात. चांदणी दिसली की समजायचं, हा कुठे लिहिलेला सापडलेला नाही, पण हिशेबाने असाच असणार. त्सेक्का, गोचीड, याच्यापुढे इटालियन कोशात तुम्हाला लँगोबार्ड भाषेतला चांदणीवाला त्सेक्का दिसेल.

हिशेब कसला? जर्मनमध्ये गोचिडीला आजही त्सेकं म्हणतात. इंग्रजीत टिक. पुण्यात कुत्रेवाले डॉक्टरकडे जाऊन 'टिक्स झाल्यात हो' म्हणतात ना, तेच टिक. आणि इंग्रजी ट च्या जागी जर्मनमध्ये त्स येणं हा अपघात नाही, दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये एका काळात सरसकट झालेला बदल आहे. इंग्रजी टेन, जर्मन त्सेन. इंग्रजी टंग, जर्मन त्सुंगं. इंग्रजी टूथ, जर्मन त्सान. लँगोबार्ड लोकांची भाषाही याच बदलात सामील होती, आणि त्याचा पुरावा इटालियनमध्येच आहे. हत्तीच्या किंवा रानडुकराच्या सुळ्याला इटालियनमध्ये त्सान्ना म्हणतात. लॅटिनमधून आलेला दात वेगळा, देंते, तो आपल्या दंतचा चुलतभाऊ. आणि हा त्सान्ना जर्मन त्सानचा भाऊ, म्हणजे पुन्हा दंतचाच लांबचा भाऊ, फक्त तो उत्तरेकडून फिरून, द चा ट आणि ट चा त्स करून घेत घरी आलेला. एकाच तोंडात दोन वाटांनी आलेले दोन दात.

म्हणजे बघा, त्सेक्का टांकसाळ यातला त्स हा मुळात स होता, आणि त्सेक्का गोचीड यातला त्स हा मुळात ट होता. दोन वेगवेगळी अक्षरं, एक सिसिलीच्या बाजूने घासून आलं आणि एक आल्प्सच्या बाजूने, आणि इटलीत पोचेपर्यंत दोघांचा आकार एक झाला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे, बाकी सगळा पुरावा. क्लासमधली गोष्ट इथे कोसळते, कारण अर्थाने अर्थाला ओढलं असतं तर दोन्हीकडचे भाऊबंद एकाच दिशेला सापडायला हवे होते. गोचिडीचे भाऊबंद टिक, त्सेकं, सगळे उत्तरेला, आणि त्यांच्यात टांकसाळीचा मागमूस नाही. टांकसाळीचे भाऊबंद शिक्का, सिक्का, सेका, आणि त्यांच्यात गोचिडीचा नाही.

मग लॅटिन लोकांना काय गोचिडी चावत नव्हत्या का? चावत होत्या. त्यांचा शब्द रिकिनुस. आता ती एरंडाची बी काढा. रोमन लोकांना एरंडाची बी बघून गोचीड आठवायची म्हणून त्यांनी झाडालाच रिकिनुस म्हटलं, हे प्लिनी या रोमन लेखकानेच लिहून ठेवलंय, आणि आज एरंडाचं शास्त्रीय नाव रिकिनुस कोम्युनिस आहे ते तिथूनच. झालं असं की उत्तरेकडून नवा शब्द आला, त्याने किडा बळकावला, आणि जुना लॅटिन शब्द एरंडेलाच्या बाटलीत जाऊन बसला, इटालियनमध्ये एरंडेल तेल म्हणजे ओल्यो दी रीचिनो. (मुसोलिनीचे काळे सदरेवाले विरोधकांना पकडून जबरदस्तीने पाजायचे ते हेच, त्यामुळे हा शब्द तिथे अजून कडू आहे.) युरोपातल्या जंगलात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या गोचिडीचं शास्त्रीय नाव इक्सोदेस रिकिनुस आहे, म्हणजे जुना शब्द शास्त्रज्ञांनी मागच्या दाराने किड्याला परत दिला. पेरुजाच्या त्या कुत्र्याच्या कानामागे बहुधा हीच होती.

शोषणाची भावना मात्र शब्दात नंतर आलीच, पण ती गोचिडीच्या बाजूला. चिकटून राहणारा, पाठ न सोडणारा माणूस म्हणजे त्सेक्का, आपण गोचिडासारखा चिकटलाय म्हणतो तसं. रोममध्ये उजव्या गटातली पोरं डाव्यांना शिवी म्हणून त्सेक्का म्हणतात, भिंतींवर लिहिलेलं दिसतं, स्टेडियममध्ये ऐकू येतं. तुम्ही रोमला गेलात आणि कुणी रागाने हा शब्द फेकला तर तो टांकसाळीची चौकशी करत नाहीये एवढं समजून घ्या.

एक तिसरा भिडू राहिला, तो तुम्ही विचारला नाहीत पण कोशात त्याच पानाच्या आसपास भेटेल. अत्सेक्कारे हे क्रियापद, म्हणजे अचूक लागणे, नेम बसणे, अंदाज बरोबर येणे. टांकसाळीत ठसा बरोबर बसतो म्हणून अत्सेक्कारे असं मला एका शिकाऊ भाषांतरकाराने एकदा फार उत्साहाने सांगितलं होतं, पुन्हा तीच झकास गोष्ट. बहुतेक कोश त्याचं मूळ मध्ययुगीन जर्मनमधल्या हलकेच टोला मारणे अशा अर्थाच्या क्रियापदात दाखवतात. दक्षिणेकडे नेपल्सच्या बाजूला मात्र याचा अर्थ चिकटणे असा होतो, आणि तिथूनच 'के चात्सेक्का' हा प्रश्न, म्हणजे याचा त्याच्याशी काय संबंध. 1992 मध्ये मिलानला भ्रष्टाचाराविरुद्ध जी मोठी मोहीम निघाली तिच्यातले सरकारी वकील आंतोनियो दी पिएत्रो मूळचे दक्षिणेकडच्या मोलीझे प्रांतातले, ते हा वाक्प्रचार येताजाता वापरायचे, त्यांच्यामुळे तो देशभर झाला. चिकटणे या अर्थात गोचिडीची सावली पडलीये का, हा विषय चहावर वाद घालायला छान आहे, टांकसाळ मात्र तिथे नाही.

आता टांकसाळीच्या फांदीचं पुढे काय झालं तेवढं सांगतो, कारण ती फिरत फिरत आपल्या घरात येते.

व्हेनिसने 1284 मध्ये सोन्याचं नाणं काढलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं, म्हणजे आपल्या तोळ्यात साधारण सव्वातीन नाणी. एका बाजूला संत मार्कच्या पुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, ज्याला ते दोजे म्हणत, दुसऱ्या बाजूला लांबट वलयात उभा येशू. त्याला दुकातो म्हणायचे. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं राज्य बुडवलं तोपर्यंत, पाचशे वर्षं, त्यांनी वजन आणि चित्र जवळपास बदललंच नाही, कारण पूर्वेकडचे व्यापारी तेच चित्र बघून नाणं घ्यायचे. पुढे सोळाव्या शतकात दुकातो हा शब्द हिशेबाच्या वहीतलं एकक झाला, म्हणजे बोलायचं दुकातो आणि हातात चांदीची चिल्लर, तेव्हा खऱ्या सोन्याच्या नाण्याला वेगळं नाव लागलं, टांकसाळीचा दुकातो, दुकातो दी त्सेक्का, आणि त्याचं लाडकं रूप त्सेक्कीनो. आजही इटालियनमध्ये बावनकशी सोन्याला ओरो त्सेक्कीनो म्हणतात, आणि 1959 पासून लहान मुलांच्या गाण्यांची जी प्रसिद्ध स्पर्धा आहे तिचं नाव त्सेक्कीनो दोरो आहे. ज्या इमारतीत ही नाणी पडत ती त्सेक्का व्हेनिसमध्ये अजून उभी आहे, सान मार्कोच्या चौकाजवळ पाण्याच्या कडेला, सान्सोविनो या वास्तुकाराने 1536 मध्ये बांधायला घेतलेली, आत भट्ट्या म्हणून आगीच्या भीतीने सगळी दगडी. आता तिथे ग्रंथालय आहे.

हीच नाणी मिऱ्याच्या आणि मसाल्याच्या बदल्यात तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर यायची. इथल्या लोकांना लॅटिन अक्षरं कळायचं कारण नव्हतं, त्यांना दिसायच्या त्या उभ्या लांबट आकृत्या, बाहुल्या, म्हणून नाव पडलं पुतळी. आपल्या सोनारांनी नकलाही केल्या, कुठे कुठे संत आणि दोजेच्या जागी राम-सीता-लक्ष्मण उभे केले. आजीच्या पेटीतली पुतळ्यांची माळ म्हणतो ती इथून. आता पुतळ्यांवर लक्ष्मी वगैरे असते, पण नाव तेच राहिलं.

आणि त्सेक्कीनो फ्रेंचांकडे जाऊन सेकँ झाला, इंग्रजीत सिक्विन, आधी नाणं, मग नाण्यासारखी चकाकणारी, कपड्यावर शिवायची चकती. लक्ष्मी रोडवर दुकानदार 'ताई, ही सिक्विनची घ्या' म्हणतो ना, ती टिकल्यांची साडी. अरबी ठसा, त्याची छाप, मग खातं, मग इमारत, इमारतीतून निघालेलं नाणं, आणि नाण्यातून सोनं काढून घेतल्यावर उरलेली प्लास्टिकची टिकली. आणि कृपा करून कुणी 'टिक चिकटते म्हणून टिकली' असं लिहून पाठवू नका, मला माहितीये कुणीतरी पाठवणार आहे.

तर तुमच्या वहीत त्सेक्काच्या दोन स्वतंत्र नोंदी करा, कोशातही बघा, चांगल्या कोशात बारीक 1 आणि 2 असे आकडे घालून वेगळ्याच दिलेल्या असतात, आपण घाईत ते आकडे बघत नाही. पहिल्या नोंदीपुढे शिक्का लिहा, दुसरीपुढे टिक. पुढच्या वेळी असा जोडशब्द भेटला की आधी पहिलं अक्षर धरा, त्याच अक्षराने सुरू होणारे आणखी दोनचार शब्द शोधा ज्यांचं मूळ पक्कं माहीत आहे, आणि बघा ते कुठल्या बाजूने आलेत, मग त्या बाजूची माणसं खरंच तिथे होती का ते बघा. अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थापासून सुरू केलं की माणूस गोष्ट रचायला लागतो, मीही लागतो.

आणि ती स्कूटर. 'एकदम नवी' हे चालेल पण फिकं आहे. माझ्या अनुवादात मी कोरी करकरीत स्कूटर लिहिलं असतं.